भिगवणला गरुड बघायचे असतील तर एक रात्र जास्त धरा

भिगवण म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात फ्लेमिंगोच येतात, त्यात चूक काही नाही, पण दर हिवाळ्यात कोणीतरी मला विचारतंच की अरे गरुड बघायचे असतील तर कुठे जायचं, हिमालयात वगैरे जावं लागतं का. नाही जावं लागत. पुण्याहून सोलापूर रोडने साधारण शंभर-एकशेपाच किलोमीटर जा, नशीब बरं असेल तर एकाच ट्रिपमध्ये चार-पाच जातींचे गरुड दिसतात, भोवत्ये (हे पण शिकारी पक्षीच, इंग्रजीत हॅरियर) आणि ससाणे वेगळेच. फक्त सकाळी बोट, दुपारी मासे आणि संध्याकाळी घर असा जो प्लॅन सगळे करतात ना, त्यात ते दिसत नाहीत. दिसले तरी घार समजून सोडून दिले जातात.

मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. दोन गाड्या, तीन पोरं, सासूबाई, आणि तारीख निवडली ३१ डिसेंबर. पोचलो सकाळी दहाला. सगळ्या बोटी पाण्यात, काठावर जत्रेसारखी गर्दी, आमचा नंबर लागला बाराच्या पुढे, ऊन डोक्यावर, पाण्यावरून सगळी चमक डोळ्यात, आणि फ्लेमिंगो त्या वर्षी अजून आलेच नव्हते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "बगळेच बघायचे होते तर आपल्या ओढ्यावर काय कमी आहेत?" आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. म्हणून खाली जे लिहितोय ते बऱ्यापैकी चुकून शिकलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या, कारण इथे एक नाही दोन वेगळी जगं आहेत. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे पुणे, नगर (आता अहिल्यानगर) आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत पसरलं. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही सगळी त्या फुगवट्याच्या काठची गावं. हे झालं पाण्याचं जग, बदकं, बगळे, फ्लेमिंगो वगैरे. पण हायवेच्या दुसऱ्या बाजूला, इंदापूर-बारामतीकडे आत गेलं की पाऊस कमी, जमीन मुरमाड, आणि गवताचे माळ लागतात. कडबनवाडी, शिर्सुफळ वगैरे. तिथे चिंकारा, लांडगे, खोकड, तरस, आणि डोक्यावर शिकारी पक्षी. गरुड दोन्हीकडे आहेत, पण वेगवेगळे, आणि त्यांची वेळही वेगळी. म्हणून मी म्हणतो दोन रात्री धरा. एक सकाळ पाण्याला, एक संध्याकाळ आणि एक सकाळ माळाला. याच्यापेक्षा कमी वेळात दोन्ही करायला गेलात तर फक्त ड्रायव्हिंग होतं.

कधी जायचं: नोव्हेंबरच्या मधापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत गरुडांसाठी चांगलं. उत्तरेकडून, मध्य आशियाच्या गवताळ भागातून येणारे पाहुणे या काळात इथे असतात, मार्च लागला की ते परतायला लागतात. फ्लेमिंगोंचं गणित उलटं आहे, त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, त्यामुळे धरण तुडुंब भरलेलं असेल त्या वर्षी ते उशिरा येतात, जानेवारी संपता संपता किंवा त्याच्याही नंतर, आणि मग पाणी आटत जातं तसे एप्रिलपर्यंत राहतात. म्हणजे दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारीचे पहिले दोन-तीन आठवडे पकडा. आपल्याकडे सरकारी पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांमुळे, त्या आठवड्यात खूप लोकांना उत्साह येतो आणि ते लगेच भिगवण गाठतात. जा, पण तेव्हा पाणी भरपूर असतं, गवत कमरेएवढं असतं आणि बरेच पाहुणे अजून वाटेत असतात, त्यामुळे अपेक्षा कमी ठेवून जा.

आणि वार. रविवार नको, नाताळ ते नवीन वर्ष तर अजिबात नको, २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली असेल तर तेही नको. मंगळवार-बुधवार-गुरुवार अशी रजा मिळत असेल तर घ्या, सरळ आजारी पडा वाटल्यास. मधल्या वारी काठावर तुम्ही आणि नावाडी, बाकी कोणी नाही.

राहायचं कुठे तर कुंभारगाव किंवा भिगवणच्या आसपास. बऱ्याच नावाड्यांच्या घरीच सोय असते, साध्या खोल्या, गरम पाणी बादलीत, जेवण घरचं. फोन करताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. बोट किती वाजता सुटेल (आठ म्हणाले तर दुसरीकडे फोन करा, साडेसहाला पाण्यात पाहिजे), बोट पूर्ण आपली की शेअरिंग, आणि लाइफ जॅकेट आहेत का, लहान मुलांच्या मापाची आहेत का. एकदा एका ठिकाणी आम्हाला फोनवर "हो हो सगळं आहे" सांगितलं आणि प्रत्यक्षात चार माणसांत दोन जॅकेटं निघाली, तीही मोठ्यांची, मग आम्ही पोरांना घेऊन काठावरच बसलो. रेट दरवर्षी बदलतो म्हणून इथे आकडा देत नाही, पण आधी ठरवून घ्या आणि मग काठावर घासाघीस करू नका. हेच लोक वर्षभर त्या पाण्यावर असतात, कुठला पक्षी आज पाण्यातल्या कुठल्या बुडक्यावर, म्हणजे वाळलेल्या बुंध्यावर, बसतो हे त्यांना पाठ असतं, त्यांचा मूड चांगला असेल तर तुमची ट्रिप चांगली.

माळासाठी मात्र स्वतःच्या मनाने गाडी घालू नका. ती जागा वनखात्याची आहे, कडबनवाडी आणि शिर्सुफळला खात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलेली आहे, ऑनलाइन बुकिंग होतं आणि गावातलाच गाइड सोबत येतो. हे आठवडाभर आधी करून टाका. गाइडला पहिल्याच मिनिटाला सांगा की "आम्हाला लांडगा नाही दिसला तरी चालेल, आम्ही गरुडांसाठी आलोय", नाहीतर तो बिचारा लांडग्याच्या मागे तुम्हाला सगळा माळ फिरवतो आणि डोक्यावरून काय काय जातं ते कोणी बघतच नाही.

पोचायचं कसं हे सोपं आहे. स्वतःची गाडी असेल तर दोन-अडीच तास, पण हडपसर आणि लोणी काळभोर ट्रॅफिकच्या आधी पार झालं पाहिजे. एसटीने जायचं तर स्वारगेटवरून इंदापूर-सोलापूरकडच्या गाड्या आहेत, बऱ्याच गाड्या गावात न शिरता हायवेलाच उतरवतात, तेव्हा कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवा. भिगवणला रेल्वे स्टेशन पण आहे, पुणे-दौंड-सोलापूर लाइनवर, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. मुंबईकरांनी सरळ आदल्या दिवशी निघावं. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, अंधारात गाडी चालवायचं टाळा. हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि पक्ष्यांचा सीझन म्हणजेच कारखान्यांचा सीझन. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला, पहाटेच्या धुक्यात तो अगदी दहा फुटांवर आल्यावर दिसतो. म्हणून पहाटे तीनला निघून बोट गाठू असलं शौर्य नको, आदल्या दुपारी पोचा.

सामानात दुर्बीण सगळ्यात महत्त्वाची, कॅमेऱ्यापेक्षाही. ८ बाय ४२ घ्या. म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चांगलं दिसतं. १० बाय ४२ ने गरुड अजून जवळ येतो हे खरं, पण हात हलतो, आणि बोटीत तर सगळंच हलतं. ते झूमवाले ३० पट ६० पट लिहिलेले स्वस्त डबे घेऊ नका, नुसती चक्कर येते. घरात दोघं असाल तर दोन दुर्बिणी पाहिजेत, एक दुर्बीण आणि दोन माणसं हे भांडणाचं मूळ आहे. कॅमेरा असेल तर ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स चालते, नसेल तर छोटा सुपरझूम कॅमेरा पुरतो, आपल्याला प्रदर्शन भरवायचं नाहीये, नंतर घरी बसून ओळखता येईल असा पंखाखालून एक फोटो मिळाला तरी बास. फोनमध्ये मर्लिन (पक्षी ओळखायला मदत करणारं ॲप) आणि ईबर्ड (लोकांनी बघितलेल्या पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप) टाकून ठेवा, मर्लिनचा भारताचा पॅक घरच्या वायफायवरच डाउनलोड करा, कारण माळावर नेटवर्क येतं-जातं. ईबर्डवर जायच्या आठवड्यात तिथे कोणाला काय दिसलं ते आधी बघता येतं, त्यावरून फ्लेमिंगो आले की नाही हे पण कळतं, मला ३१ डिसेंबरच्या आधी हे माहीत असतं तर सासूबाईंचा टोमणा वाचला असता.

कपडे मळखाऊ रंगाचे, आणि थर थर घाला, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटीत दात वाजतात आणि दुपारी एक वाजता तीस डिग्री असतं. पण माळावर लोकरी मोजे, फ्लीसची पँट असलं काही घालू नका. कुसळं. ज्याने माळ तुडवलाय त्याला कळेल. मोज्यात एकदा कुसळं शिरली की ती धुऊन निघत नाहीत, एकेक उपटावं लागतं, मी एकदा अख्खी संध्याकाळ गरुडाऐवजी मोज्याकडे बघत काढली आहे. जाड जीन्स आणि घोट्यापर्यंतचे बूट, बाभळीचा काटा साध्या स्लीपरच्या आरपार जातो.

आता दिवस कसे लावायचे.

पहिल्या दिवशी आरामात नाश्ता करून निघा, दुपारी जेवायला पोचा. संध्याकाळी डिकसळच्या बाजूला काठावर जा, तिथे इंग्रजांच्या काळातला जुना रेल्वे पूल आहे, काठावरूनच पुष्कळ दिसतं. नदी सुरय, शेकाट्या, मोर शराटी, चमचे, आणि सूर्य बुडताना लहान पाणभिंगऱ्यांचे थवे. ही संध्याकाळ फक्त डोळे आणि दुर्बीण सेट करायला आहे, काही मोठं शोधायचं नाही. रात्री जेवणात चिलापी फ्राय मिळेल, खा, भाकरीबरोबर, आणि साडेनऊला झोपा.

दुसरी सकाळ पाण्याची. सव्वासहाला चहा, साडेसहाला बोटीत. बोटीत बाथरूम नाही हे लहान पोरांना आणि मोठ्यांनाही आधीच सांगा. नावाड्याला म्हणा फ्लेमिंगो शेवटी, आधी बुडकी दाखवा. धरणात बुडालेल्या झाडांचे वाळलेले बुंधे जागोजागी वर आलेले असतात आणि त्यावर कैकर बसतो, इंग्रजीत ऑस्प्रे. हा काटेकोर बोलायचं तर गरुड नाही, त्याचं खानदान वेगळं, पण मासा पकडायला तो पाय पुढे करून पाण्यात आदळतो ते एकदा बघितलं की कोणी वाद घालत नाही. पांढरं पोट, डोळ्यातून मागे गेलेली काळी पट्टी, आणि मासा नेताना तो नेहमी तोंड पुढे करून धरतो, आडवा नाही.

पण पाण्यावरच्या गरुडाचा पत्ता सांगणारा खरा पक्षी म्हणजे वारकरी. काळा, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव, इंग्रजीत कूट. उजनीवर यांचे हजारोंनी थवे असतात आणि एरवी ते निवांत पसरून चरत असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही बोट बंद करून नुसते तरंगत होतो, आणि समोरचे सगळे वारकरी अचानक एकमेकांकडे सरकायला लागले. आवाज नाही, उडणं नाही, नुसतं सरकणं. मिनिटभरात पसरलेल्या चादरीचा गोळा झाला, अगदी खांद्याला खांदा, रिंगण धरल्यासारखा. मी इकडेतिकडे बघतोय, काही नाही. नावाडी दादाने वर न बघताच सांगितलं, "वर बगा सर, आला त्यो." वरती गडद तपकिरी, जवळजवळ काळाच दिसणारा, रुंद पंखांचा पक्षी पंख किंचित खाली झुकवून घिरट्या मारत होता. मोठा ठिपकेदार गरुड. त्याने दोनदा झेप घेतल्यासारखं केलं, दोन्ही वेळा सगळा गोळा एकदम पाणी उडवायला लागला, नुसता पांढरा फेस, आणि तो वर गेला. त्याला हवा असतो गोळ्यातून सुटलेला एकटा. तो त्या दिवशी नाही मिळाला. हा सगळा प्रकार दहा मिनिटं चालला आणि तेवढ्यात दोन बोटी आमच्या शेजारून फ्लेमिंगोंकडे भरधाव गेल्या, एकाने पण वर बघितलं नाही.

म्हणून नियम एकच, पाण्यावरचे पक्षी वागणं बदलतात तेव्हा आधी आकाशात बघा. बदकं सगळी एकदम उठली, सुरय ओरडायला लागले, कावळे कोणाच्यातरी मागे लागले, की वर कोणीतरी आहेच. बऱ्याचदा दलदली भोवत्या असतो, तो पण बघण्यासारखाच.

फ्लेमिंगोंजवळ गेलात की बोट लांबच थांबवायला सांगा. उडतानाचा गुलाबी पंखांचा फोटो पाहिजे म्हणून लोक नावाड्याला थवा उठवायला लावतात आणि जास्तीचे पैसे देतात, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. ते तिथे खायला आलेले असतात, दिवसातून दहा बोटींनी दहा वेळा उठवले तर खाणार कधी. आपणच पहिल्यांदा सांगितलं की "दादा उठवू नका, आम्हाला चरतानाच बघायचेत" तर त्यालाही बरं वाटतं, डिझेलही वाचतं. ड्रोन तर घरीच ठेवा.

साडेनऊ-दहाला परत या, नाश्ता, आंघोळ, झोप. दुपारी वाटलं तर भादलवाडीच्या तलावाला चक्कर मारा, तिथल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. आणि उन्हाळ्याच्या जवळ जात असाल, पाणी फार उतरलेलं असेल, तर पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं पळसनाथाचं मंदिर बाहेर आलंय का ते विचारा. पक्ष्यांशी याचा काही संबंध नाही, पण बघण्यासारखं आहे.

साडेतीनला माळाकडे निघा. भिगवणहून कडबनवाडी तास-पाऊण तास धरा. संध्याकाळचा माळ कशासाठी, तर भोवत्यांसाठी. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिक्कट भोवत्या, दोन्ही हिवाळी पाहुणे, दिवसभर गवतावरून हात-दीड हात उंचीने फिरत नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी पकडतात आणि अंधार पडायच्या आधी एका ठरावीक गवतात जमिनीवरच झोपायला उतरतात, एकाच जागी पुष्कळजण. नर राखाडी, माद्या तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका. सूर्य मावळला की एक येतो, मग तीन येतात, मग मोजायचं सोडून द्यावं लागतं. गाडीतच बसा, इंजिन बंद, टॉर्च नाही. ते जिथे उतरतात तिकडे चालत जायचं तर नावच काढू नका, एकदा उठवले की अंधारात दुसरी जागा कुठे शोधणार.

तिसरी सकाळ या ट्रिपची मुख्य. आणि इथे बहुतेक लोक वेळेत गंडतात. गरुड म्हणजे सकाळी लवकर हे अर्धंच खरं आहे. मोठ्या अंगाचा पक्षी पंख मारत उडायला बघत नाही, त्याला वर न्यायला गरम हवेचा झोत लागतो, आणि तो जमीन तापल्याशिवाय तयार होत नाही. त्यामुळे उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत गरुड बसलेला असतो, विजेच्या मोठ्या टॉवरवर, लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर, कधी चक्क नांगरटीत ढेकळावर. साडेनऊनंतर तो गोल गोल घेत वर चढतो आणि अकरा-साडेअकराला ठिपका होतो. म्हणजे बसलेला बघायचा तर आधी टॉवर आणि शेंडे तपासायचे, उडणारा बघायचा तर साडेनऊ ते अकरा मोकळ्या जागी थांबायचं. दहाला "काही नाही दिसलं" म्हणून परत फिरणारे असतात ना, त्यांच्या डोक्यावरच तो चढत असतो.

टॉवर तपासणं हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य करतो. गाडी थांबवा, एकेक टॉवर खालून वर दुर्बिणीने बघा, आडव्या दांड्यावर काही जाडसर दिसलं की थांबा. गेल्या फेब्रुवारीत असाच एक टॉनी ईगल सापडला, मराठीत पिंगट गरुड म्हणतात, हा इथलाच रहिवासी. रस्त्यालगतच्या लिंबावर होता, आम्ही गाडी लिंबापासून बरीच अलीकडे बंद केली आणि काच खाली करून बसलो, तास-सव्वा तास. तो काही करत नव्हता. पिसं फुलवली, एक पाय पोटात घेतला, शेण टाकलं, परत बसला. बायको झोपली, गाइडने दोन वेळा तंबाखू मळली. आणि मला त्या तासात पहिल्यांदा नीट दिसलं ते तोंडाचा पिवळा कोपरा कुठपर्यंत जातो ते. हे महत्त्वाचं अशासाठी की हिवाळ्यात इथे याच्यासारखाच दिसणारा स्टेपी ईगल पण येतो, मोठा, तपकिरी, आणि दोघांत भले भले घोळ घालतात. टॉनीच्या तोंडाची पिवळी रेघ डोळ्याच्या मध्याखाली संपते, स्टेपीची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, जणू हसतोय. स्टेपी वयाने लहान असेल तर उडताना पंखाखाली रुंद पांढरा पट्टा. एवढं पाठ केलं तरी गाइडसमोर इज्जत राहते.

बाकीचे ओळखायचं थोडक्यात सांगतो. पहिला प्रश्न नेहमी, ही घार तर नाही ना? घारीची शेपटी मागे खाचदार असते आणि ती सारखी वळवते, सुकाणूसारखी. गरुडाची शेपटी मागे गोल किंवा सरळ, पंख रुंद, आणि टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी वेगळी. घार पंख पसरून साधारण दीड मीटर भरते, टॉनी-स्टेपी पावणेदोन-दोनपर्यंत जातात, पण आकाशात आकार फसवतो म्हणून आधी शेपटी बघा. सापमार गरुड खालून पांढुरका, डोकं घुबडासारखं गोल, डोळे पिवळे, आणि एवढा मोठा असूनही हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली साप-सरडा शोधत. कापशी पण तशीच थांबते पण ती कावळ्यापेक्षाही छोटी. बोनेली ईगल बऱ्याचदा जोडीने दिसतात, पोट पांढरं, पंख खालून गडद. आणि बूटेड ईगल हा सगळ्यात लबाड, आकार घारीएवढाच, त्यामुळे सुटतो, पण समोरून येताना मान आणि पंख जिथे जुळतात तिथे दोन पांढरे ठिपके दिसतात, गाडीच्या हेडलाइटसारखे. ते दिसले की ओरडायला हरकत नाही, हळू.

शंका राहिली तर भांडत बसू नका, फोटो काढा, "गरुड, जात माहीत नाही" असं लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा नोंदी ढिगाने आहेत.

माळावर गाडी रस्ता सोडून गवतात घालू नका, गाइड हो म्हणाला तरी. चंडोल, धाविक, तित्तर, पखुर्डी हे सगळे जमिनीवरचे पक्षी, अंडी पण जमिनीवर, आणि ती दगडासारखीच दिसतात. गरुडाचं घरटं दिसलं तर लांबूनच बघून निघा, फोटो टाकलात तरी गाव, झाड, लोकेशन टाकू नका, दोन दिवसांत तिथे दहा कॅमेरे पोचतात आणि जोडी घरटं सोडते. फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, कोंबडीचे तुकडे टाकून गरुड खाली बोलवायचे प्रकार कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा.

घरात ज्येष्ठ कोणी असतील तर त्यांना बोटीपेक्षा माळाची सफारी सोपी जाते, गाडीतून उतरावंच लागत नाही. उलट पोरांना बोट आवडते आणि माळावर ती अर्ध्या तासात कंटाळतात, त्यांच्यासाठी टॉवर मोजायचा खेळ लावा, पहिला गरुड शोधेल त्याला हायवेवर उसाचा रस. आमच्या धाकटीने एकदा त्या नादात शेडनेटचा फाटका तुकडा गरुड म्हणून दाखवला होता, आणि मी पाच मिनिटं तो ओळखत बसलो होतो.

ज्यांना खास समुद्रगरुड बघायचा असेल त्यांनी हा प्लॅन करू नये, तो इथे नाही. त्याच्यासाठी कोकण किनारा, वेळास-आंजर्ले भागात उंच झाडांवर त्यांची घरटी असतात. ती वेगळी ट्रिप आहे, यात कोंबू नका.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला माळ सोडा, जेवून एकच्या आसपास निघालात तर चारच्या आत हडपसर पार होतं. चार वाजेपर्यंत रेंगाळलात तर मग सरळ रात्री जेवूनच निघा, मधल्या वेळेत तो रस्ता नको, आणि रात्री निघालात तर ट्रॉल्यांचं वर सांगितलंय ते लक्षात असू द्या.